सोलापूरच्या संकेतस्थळांवरील फोटोंचे ओझे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या चादर-टॉवेल उत्पादकांनी केवळ दलालांवर आणि घाऊक व्यापाऱ्यांवर विसंबून न राहता स्वतःची संकेतस्थळे काढावीत, असा आग्रह आपल्या दैनिकातून वेळोवेळी धरला जातो आणि तो योग्यच आहे. गेल्या काही वर्षांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कारखानदारांपासून शेंगा चटणीच्या विक्रेत्यांपर्यंत अनेकांनी तशी संकेतस्थळे काढलीही. शाळा, देवस्थाने, सहकारी संस्था यांचीही आहेत. मात्र त्यांतली पुष्कळशी मोबाइलवर उघडता उघडत नाहीत. पांढरा पडदा, मग अर्धवट उमटलेला एखादा फोटो, आणि तोवर पाहणारा कंटाळून मागे फिरलेला असतो. संकेतस्थळाच्या मालकाला विचारले तर ‘रेंज नसेल’, ‘तुमचे नेट स्लो असेल’ असे उत्तर मिळते. मी याच शहरात संकेतस्थळे तयार करण्याचा व्यवसाय करतो, आणि माझ्या अनुभवाने सांगतो की दोष बहुतेक वेळा रेंजचा नसून पानावर जसेच्या तसे चढवलेल्या फोटोंचा असतो. तो दूर करण्यासाठी नवे सर्व्हर घ्यावे लागत नाहीत, मोठा खर्चही येत नाही. म्हणून हा विषय थोडा तपशिलाने मांडण्याची परवानगी घेतो.

जेकॉर्ड चादरीची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरवली जाते, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. डिजिटल फोटोही तसाच रंगीत चौकटींचा कागद असतो, आणि आजच्या साध्या मोबाइलने काढलेला 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडव्या 4000 आणि उभ्या 3000, अशा एकंदर 1 कोटी 20 लाख चौकटी. त्या फाइलचे वजन सहज 3 ते 5 एमबी भरते. आता हा फोटो ज्याच्यावर पाहिला जाणार तो मोबाइल घ्या. पुष्कळ मोबाइलचा पडदा रुंदीला 1080 ठिपक्यांचा असतो. म्हणजे फोटो पडद्याच्या पूर्ण रुंदीत दाखवायचा झाला तरी 1080 बाय 810, सुमारे पावणेनऊ लाख चौकटी पुरतात. पाठवलेल्या चौकटींचा तो जेमतेम चौदावा हिस्सा झाला. उरलेल्या एक कोटीहून अधिक चौकटी ग्राहकाच्या डेटा पॅकमधून खाली उतरतात आणि त्याच्या डोळ्यांना कधीच दिसत नाहीत. टॉवेलचे नमुने दोन-दोनच्या ओळींत मांडलेले असतील, तर प्रत्येकाला 540 ठिपक्यांची रुंदीसुद्धा पुरेशी असते.

हिशेब अगदी सरळ आहे. 4 एमबीचे वीस फोटो असलेले पान 80 एमबीचे, म्हणजे (एका बाइटचे आठ बिट धरून) 640 मेगाबिटचे झाले. सेकंदाला 5 मेगाबिट इतका वेग खरोखर मिळत असला तरी ते पूर्ण उतरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. हेच फोटो योग्य मापाचे आणि प्रत्येकी 80 केबीचे असतील, तर सगळे मिळून 1.6 एमबी होतात आणि त्याच वेगाने तीन सेकंदांच्या आत येतात. पानावरचा सर्वांत मोठा फोटो किंवा मजकुराचा भाग निदान 75 टक्के भेटींत अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गुगलची चांगल्या पानाची कसोटी आहे. मंगळवेढ्याच्या किंवा बार्शीच्या बाजूच्या एखाद्या गावातून दिवाळीसाठी टॉवेलचे गठ्ठे मागवू पाहणाऱ्या दुकानदाराला ही कसोटी ठाऊक नसते, पण तो नकळत तीच लावतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. फाइल कितीही दाबून लहान केली, तरी पडद्यावर दाखवताना ब्राउझरला ती पूर्ण उलगडावी लागते. उलगडल्यावर प्रत्येक चौकटीला साधारण चार बाइट लागतात, म्हणजे 4000 बाय 3000 चा फोटो मोबाइलच्या मेमरीत सुमारे 48 एमबी जागा घेतो, मग त्याची फाइल 4 एमबीची असो वा 400 केबीची. स्वस्त मोबाइलवर पान वर-खाली सरकवताना जो अडखळा येतो त्यामागे पुष्कळदा हेच असते. म्हणूनच फोटोचे फक्त वजन कमी करून भागत नाही. त्याची लांबी-रुंदी आधी उतरवावी लागते.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, हल्ली ‘तुमची वेबसाइट वेबपी करून देतो, रॉकेटसारखी पळेल’ अशा जाहिराती व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. वेबपी हा फॉरमॅट, म्हणजे फोटो दाबून साठवण्याची एक पद्धत, चांगलाच आहे, मीही तो वापरतो. पण माप न बदलता केवळ फॉरमॅट बदलणारा माणूस निम्मे काम टाळतो आणि बिल पूर्ण लावतो. त्याहून वाईट प्रकारही पाहण्यात आहेत. फाइलच्या नावाच्या शेवटी असलेले जेपीजी खोडून तिथे वेबपी लिहिले की रूपांतर झाले, असे समजणारे महाभाग आहेत. आणि ब्राउझर बहुधा नावापेक्षा फाइलच्या आतला ऐवज पाहून फोटो दाखवत असल्यामुळे त्यांचे बिंग फुटतही नाही.

माप ठरल्यावर फॉरमॅटचा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर चित्र कोणत्या जातीचे आहे यावर अवलंबून असते. जेपेग (फाइलच्या नावात जेपीजी) 1992 सालचे. हा फॉरमॅट चित्राचे आठ बाय आठ चौकटींचे तुकडे पाडतो, आणि माणसाच्या डोळ्याला जे बारकावे कमी जाणवतात ते गाळून टाकतो. डोळा उजेड-अंधारातला फरक जितक्या बारकाईने टिपतो तितक्या बारकाईने रंगातला फरक टिपत नाही, म्हणून रंगाची माहिती तो सहसा अर्ध्या मापाने साठवतो. पीएनजीची पहिली आवृत्ती 1996 सालची. त्यात काहीही गाळले जात नाही, म्हणून सपाट रंगांचे बोधचिन्ह, आकृती, स्क्रीनशॉट यांना ते उत्तम, आणि खऱ्याखुऱ्या फोटोला मात्र अत्यंत महाग. इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. मोबाइलवरच्या डिझाइन ॲपमध्ये सणाच्या सवलतीचा बॅनर तयार होतो, त्यात टॉवेलचा फोटो असतो, आणि उतरवताना पीएनजी निवडले जाते, कारण ते ‘हाय क्वालिटी’ म्हणून लिहिलेले असते. जेपेगमध्ये दोन-तीनशे केबीत बसणारा तो बॅनर पीएनजीत दोन-तीन एमबीचा होऊन मुखपृष्ठाच्या अगदी वरती विराजमान होतो. बोधचिन्ह रेषांचे आणि सपाट रंगांचे असेल तर एसव्हीजीच घ्यावे. त्यात चौकटी नसून रेषांचे वर्णन असते, त्यामुळे ते कुठल्याही पडद्यावर रेखीव राहते आणि बहुधा काही केबींतच आटोपते.

वेबपी गुगलने 2010 मध्ये आणले. गुगलच्याच मोजणीनुसार त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा ते 25 ते 34 टक्के हलके पडते. आयफोनवरील सफारी या ब्राउझरने ते 2020 मध्ये स्वीकारल्यानंतर वापरण्यात कसलीच अडचण उरली नाही. एव्हीआयएफ हे एव्ही1 या व्हिडिओ तंत्रावर बेतलेले, 2019 चे. ते पुष्कळदा वेबपीहूनही हलके होते, आणि क्रोममध्ये 2020, फायरफॉक्समध्ये 2021, सफारीत 2022 आणि मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये 2024 पासून चालते. जेपेग एक्सएल हेही गुणी, पण क्रोमने 2022 मध्ये त्याचा प्रायोगिक आधार काढून घेण्याचे जाहीर केले, तेव्हा व्यवसायाच्या संकेतस्थळाने त्याच्या भरवशावर राहू नये.

आता सोलापूरच्या मालाबद्दल. सर्वसाधारण सल्ला इथे पुरत नाही, आणि हे मला कुठल्या पुस्तकातून नव्हे तर गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून उमगले. टर्किश टॉवेलचा सगळा गुण त्याच्या लूपमध्ये, म्हणजे वर उभ्या राहणाऱ्या धाग्यांच्या फासांमध्ये, असतो. घेणारा जवळून काढलेल्या फोटोत लूप किती दाट आहे, किती उभा आहे हेच पाहतो. पण असा पोत म्हणजे प्रत्येक चौकटीत शेजारच्यापेक्षा वेगळा उजेड, आणि दाबणाऱ्या तंत्राला नेमका हाच प्रकार जड जातो. एव्हीआयएफमध्ये दाबताना निवडायचा दर्जाचा आकडा फार खाली नेला की ते तंत्र अशा बारीक पोताला गोंगाट समजून पुसून टाकते. फोटो स्वच्छ दिसतो, डाग नाहीत, ठोकळे नाहीत, आणि टॉवेल मात्र गुळगुळीत दिसू लागतो. जेपेगचे बिघडणे निदान डोळ्यांवर येते; एव्हीआयएफचे बिघडणे देखणे असते, म्हणून अधिक फसवे. टॉवेलच्या जवळच्या फोटोसाठी मी दर्जा चढाच ठेवतो आणि मूळ फोटो व दाबलेला फोटो पूर्ण आकारात शेजारी-शेजारी ठेवून पाहतो. गुगलच्या क्रोम चमूचे स्क्वूश हे मोफत साधन यासाठी फार सोयीचे आहे. मधली रेघ सरकवली की डावीकडे मूळ आणि उजवीकडे दाबलेले, असे एकाच लूपचे दोन अवतार दिसतात.

चादरीचे दुखणे वेगळे. तिथे पोतापेक्षा रंगांच्या कडा महत्त्वाच्या. काळ्या जमिनीवर लाल वेल, गर्द हिरव्यावर तांबडा मोर, अशा नक्षीत दोन गडद रंग एकमेकांना अगदी खेटून असतात; त्यांच्या उजेडात फारसा फरक नसतो, फरक असतो तो रंगातच. आणि वर सांगितल्याप्रमाणे रंगाची माहितीच अर्ध्या मापाने साठवली जाते. परिणामी लाल रंग काळ्यावर किंचित सांडल्यासारखा दिसतो, नक्षीचे टोकदार कोपरे बोथट होतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की रंग फुटला आहे. धुतल्यावर न फुटणारा पक्का रंग हा ज्या मालाचा लौकिक, त्याचा फोटोच रंग फुटल्यासारखा दिसावा, हे परवडणारे नाही. जेपेग आणि एव्हीआयएफ या दोन्हींत रंगाची माहिती पूर्ण मापाने ठेवण्याची सोय आहे. साधनात ती 4:4:4 या आकड्यांनी दिसते. वेबपीच्या तपशील गाळणाऱ्या प्रकारात मात्र ती नाही, तिथे रंग नेहमी अर्ध्या मापानेच राहतो. कडा सावरण्यासाठीचा एक वेगळा पर्याय आहे, पण तो मलमपट्टीच. म्हणून चादरीच्या नक्षीचा जवळचा फोटो मी वेबपीत देत नाही. चादर घडी घालून, लांबून दाखवलेली असेल तर वेबपी खुशाल द्यावे, तिथे हा फरक दिसत नाही.

दर्जाच्या आकड्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जेपेगमधला 80, वेबपीतला 80 आणि एव्हीआयएफमधला 80 हे एकच नव्हेत, आणि तो आकडा टक्केवारीही नव्हे. त्यामुळे ‘सगळे फोटो 80 वर ठेवा’ असा हुकूम सोडून काम होत नाही. निळ्या आकाशाखालच्या कारखान्याच्या इमारतीला जो आकडा पुरतो, तो टॉवेलच्या लूपला पुरेलच असे नाही.

व्यापाऱ्यांनी स्वतः सांभाळायची एक बाब आहे. संकेतस्थळासाठी फोटो मागितले की ते व्हॉट्सअॅपवर येतात. व्हॉट्सअॅप ते वाटेत आपल्या सोयीने दाबते, कारण झटपट पोहोचवणे हे त्याचे काम आहे. गाळून आलेल्या त्या फोटोवर आम्ही पुन्हा कात्री चालवली की दोनदा गाळलेल्याचा चोथा हाती येतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते, आणि पाठवणाऱ्याला त्यासाठी जास्तीचे एकच बटण दाबावे लागते. मूळ फोटो मालकाने स्वतःजवळ वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावेत. उद्या नवा फॉरमॅट आला तर मुळापासूनच नवी प्रत काढायची असते, दाबलेल्या प्रतीवरून नव्हे. आयफोन वापरणाऱ्यांनी हेही पाहावे की 2017 पासून त्या फोनचा कॅमेरा फोटो एचईआयसी या फॉरमॅटमध्ये साठवू शकतो आणि बहुधा तसाच साठवतो. तसा फोटो थेट संकेतस्थळावर चढवला तर नव्या सफारीत दिसेल, संगणकावरील किंवा अँड्रॉइडवरील क्रोममध्ये दिसणार नाही, आणि मालकाच्या स्वतःच्या फोनवर सगळे ठीकठाक असल्यामुळे त्याला ते कळणारही नाही. शिवाय फोनमधून थेट घेतलेल्या फोटोच्या पोटात तो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. घरच्या गच्चीवर चादर पसरून काढलेल्या फोटोबरोबर घराचा पत्ता जगाला द्यायचा नसेल, तर ती माहिती काढून टाकावी. दाबण्याची बहुतेक साधने ती सहज काढतात.

शाळा आणि सार्वजनिक संस्था यांचा प्रश्न फॉरमॅटच्याही आधीचा आहे. प्रवेशाची सूचना, निविदा, यात्रेतील वाहतुकीचे बदल हे सगळे कागदावर छापायचे, शिक्का मारायचा, मोबाइलने फोटो काढायचा आणि तो तिरका फोटो संकेतस्थळावर चढवायचा, ही पद्धत आता मोडली पाहिजे. जेपेग अक्षरांच्या कडांभोवती राखाडी डाग सोडते. देवनागरीत त्या डागांत अनुस्वार बुडतो, रफार हरवतो, आणि तारखेतला १ की ९ हे कळेनासे होते. तो मजकूर शोधून सापडत नाही, दृष्टिहीन व्यक्तीचा वाचक-प्रोग्राम तो वाचू शकत नाही, आणि सोलापूरसारख्या शहरात तेलुगू किंवा कन्नड वाचणाऱ्या नागरिकाला ब्राउझरमधून तो सरळ भाषांतरित करून घेता येत नाही. युनिकोडमध्ये टंकलेली तीच सूचना काही केबींत बसते. सही-शिक्क्याची प्रत हवीच असेल तर मजकुराखाली जोडावी, मजकुराऐवजी नव्हे. सूचनेशेजारी लुकलुकणारे ‘नवीन’ हे जीआयएफ चित्र मात्र कधीही न चुकता असते! जीआयएफ 1987 चे, त्यातल्या एकेका चित्राला (फ्रेमला) 256 रंगांची मर्यादा असलेले. छोट्या चिन्हापुरते ते निरुपद्रवी. पण चालता यंत्रमाग दाखवण्यासाठी कुणी दहा सेकंदांचे जीआयएफ लावले, तर तोच देखावा आवाज बंद केलेल्या एमपी4 व्हिडिओत कितीतरी कमी वजनात आणि अधिक स्वच्छ दाखवता येतो, हे जाणून घ्यावे.

आता संकेतस्थळ करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंकडे वळतो, कारण फोटो नीट केले तरी पान नीट बांधलेले नसेल तर फायदा निम्माच होतो. एकाच फोटोची तीन-चार मापे तयार ठेवून पडद्याच्या रुंदीप्रमाणे ब्राउझरला निवड करू द्यावी. एव्हीआयएफ, नाही तर वेबपी, नाही तर जेपेग, अशी उतरंडही पानात लिहिता येते, म्हणजे जुन्या मोबाइललाही काहीतरी दिसतेच. वर्डप्रेस ही संकेतस्थळे चालवण्याची प्रणाली फोटोची वेगवेगळी मापे स्वतः तयार करते आणि 2015 पासून ती ब्राउझरपुढे स्वतः ठेवतेही. वेबपी 2021 पासून आणि एव्हीआयएफ 2024 पासून चढवूही देते. पण विकत घेतलेल्या थीममध्ये (पानाच्या तयार मांडणीत) थेट मूळ फाइलच बोलावलेली असेल, तर ही सगळी सोय वाया जाते, आणि हे तपासून पाहण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची पानात लिहून ठेवावी. नाहीतर फोटो उशिरा येऊन मजकूर खाली ढकलतो आणि ग्राहक ‘फोन करा’वर बोट टेकवायला जातो तेव्हा बोट भलतीकडेच पडते. पडद्याच्या खाली असलेले फोटो सरकवल्यावर मागवण्याची सोय जरूर वापरावी, परंतु सर्वांत वरच्या मुख्य फोटोला ती लावू नये. तसे केल्यास जो सर्वांत आधी दिसायला हवा तोच उगाच उशिरा येतो. आणि मुखपृष्ठावरचा सरकता स्लायडर! पाच मोठे फोटो आळीपाळीने सरकवण्याचा हट्ट मालकांचा असतो हे मला मान्य आहे, पण दुसऱ्या फोटोपर्यंत थांबणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

मालकांना हे सारे समजून घेण्याची सक्ती नाही, पण पैसे देण्यापूर्वी तपासणी करून घेण्याचा हक्क आहे. संगणकावरील क्रोममध्ये आपले पान उघडून एफ12 दाबावे, ‘नेटवर्क’ या विभागात जाऊन पान पुन्हा लोड करावे आणि फक्त चित्रे निवडावीत. प्रत्येक फोटोचा प्रकार आणि वजन ओळीने दिसते, खाली एकूण बेरीजही येते. तिथेच वेग मुद्दाम कमी करून, साध्या मोबाइल नेटवर पान कसे उघडेल तेही पाहता येते. गुगलचे पेजस्पीड इन्साइट्स हे साधन मोफत आहे. त्यात पत्ता टाकला की कोणता फोटो गरजेपेक्षा किती मोठा आहे, हे ते नावानिशी सांगते. एखाद्या फोटोपुढे केबीऐवजी एमबी दिसले, तर तो कशासाठी इतका मोठा ठेवला आहे, असे करणाऱ्याला विचारावे. चादरीची नक्षी मोठी करून पाहण्यासाठी ठेवलेली वेगळी प्रत असेल आणि ती ग्राहकाने बोट लावल्यावरच उतरत असेल, तर ते उत्तर मान्य करावे. इतर कुठलेही उत्तर मिळाल्यास शेवटचा हप्ता काम पुरे होईपर्यंत राखून ठेवावा.

आपला नम्र,
एक वाचक व संकेतस्थळ-रचनाकार,
जुळे सोलापूर